शेवाळावरचा दिवा

काशीत राहून गंगेपेक्षा तिच्या पायऱ्यांवरच्या शेवाळाला जास्त मान देणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घरचा जावई निघाला. हे माझे आतोबा, दुर्गाघाटावर राहणारे रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. लोक घाटावर पुण्य मिळवायला उतरत, आतोबा चमचा आणि बरणी घेऊन उतरत. आत्याच्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून गच्चीवर गेल्या आणि तिथे हिरव्या झाल्या. शेवाळाला हवाबंद ठेवून गंधकाचा उपास घडवला की ते उन्हात हायड्रोजन सोडतं, हे ते दूधवाल्यालासुद्धा थांबवून समजावत. "उपास करावा तर शेवाळानं. काहीतरी देतं तरी! तुझी आत्या उपास करते आणि नुसती चिडते," हे ते मला आत्याच्या देखतच म्हणत. अवघ्या बनारसच्या चुली शेवाळावर पेटणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. अडचण एकच, बरण्या कमी पडत होत्या.

धर्मकर्माशी मात्र त्यांचं जन्माचं वाकडं. घाटावर कुणी तर्पण करताना दिसलं की विचारत, "नदीचं पाणी नदीतच सोडलंत. पोचलं कुणाला?" आत्या दर कार्तिकात पितरांसाठी पंचगंगा घाटावर आकाशदिवा लावायची, बांबूच्या टोकाला टोपलीत टांगलेला. "तुमच्या शेवाळावर माझा एक दिवा लागू दे, मग मानीन," ती म्हणायची. "लागेल! भरोसा ठेव," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तो दिवा लागायच्या आधीच आत्या गेली.

यंदा कार्तिक लागला तसं त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये गॅस भरलेला, पुढे पितळेची बारीक नळी. मी सावधपणे जिन्यातच उभा राहिलो. आधी दिवा इथे पेटवून बघायचा आणि मग आत्याच्या नावानं घाटावर न्यायचा, असा बेत होता. पण संध्याकाळपर्यंत त्यांना दम कुठला! भर उन्हातच त्यांनी काडी ओढली. फट् असा आवाज झाला आणि पुढे काहीच दिसेना.

"विझला, आतोबा."

"जळतोय रे. याची ज्योत उन्हात दिसत नाही, बस!"

माझा चेहरा पाहून त्यांनी थंड पाण्याचं फुलपात्र नळीवर धरलं. बुडाला बाहेरून ओल धरली. "बघ! हायड्रोजन जळला की त्याचं पाणी होतं. जिंदगीभर मुलांना हेच शिकवलं," ते ऐटीत म्हणाले, आणि फुलपात्राच्या बुडाच्या त्या ओलीकडे बघत राहिले.

आत्याची तुळस शेजारीच होती. त्यांनी ती ओल बोटावर घेतली, मी बघत नाही अशी खात्री करून घेतली आणि बोट तुळशीच्या मातीला टेकवलं.

"पोचलं का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

आत्या असती तर म्हणाली असती, मानलं, आता आधी माझ्या बरण्या परत करा. तिनं तसं म्हणावं, असं मला त्या दुपारी फार वाटलं.