तिसरी हाक

माझे यजमान जयराम कुडाळला एका पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत संगणकाचं काम बघतात. बसायची खोली बिनखिडकीची. तिथे शाखांना जोडणारं यंत्र आहे, त्याला स्विच म्हणतात. तो आणि शाखांमधले स्विच एकमेकांना सारखी हाक मारत असतात. ठरलेल्या वेळात समोरून हाक आली नाही, की ती शाखा मेली असं धरतात. किती वेळाने हाक मारायची, किती वाट बघायची, हे आकडे दोन्हीकडे सारखे हवेत, नाहीतर ओळखच पटत नाही. हे बदलणं ह्यांच्याशिवाय कोणाला येत नाही. म्हणून ह्यांना सुट्टी नाही.

आमचं घर कसालला. जत्रेत पालखीला आमच्या घरातला एक खांदा लागतो. आधीची दोन वर्षं हे कामात अडकले, तेव्हा सासऱ्यांनी कसाबसा खांदा दिला. ही गोष्ट २००६ सालची, तेव्हा त्यांचे गुडघे गेलेच होते. घरातला खांदा नसेल तर मान चुलत घराकडे जाणार होता.

जत्रेच्या दिवशी सकाळी सासरे म्हणाले, "जयराम, अवंदा तरी येतलंस मा? की तुझ्या यंत्रालाच पालखीत बसवू?"

"येतंय बाबा. चारच्या गाडीन."

खाऱ्या हवेने देवगडची तार कुरकुरत होती. जरा अडखळली की शाखा मेली. साहेब म्हणाले, वाट बघायची वेळ वाढवा, मगच जा. ह्यांनी कुडाळात बसूनच देवगडच्या स्विचमध्ये नवा आकडा घातला. लक्ष घड्याळाकडे. आकडा चुकला, काय पडला तेही आठवेना. देवगड गप्प झालं. बदल अजून पक्का केलेला नव्हता. तिथे कोणी बटण बंद करून चालू केलं असतं, तर जुने आकडे परत आले असते.

चारची गाडी केव्हाच गेली, तिन्हीसांज झाली होती. शाखेत एकटा बाबली, म्हातारा राखणदार. ह्यांनी फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. मग शाखा रिकामी समजून हे एस.टी.त बसले, कारण सकाळी शाखा उघडायलाच हवी होती. गाडी कसालवरून गेली. देवळाचे ढोल ह्यांनी गाडीतून ऐकले. उतरता आलं नाही.

देवगडला बाबली पायरीवर विडी ओढत बसलेला.

"बाबल्या, फोन उचलूक काय झाला होता?"

"दोनदाच वाजवलंस. तिन्हीसांजेक तिसऱ्या हाकेशिवाय ओ देवची नाय. आवशीन शिकवल्यान नाय तुका?"

शिकवलं होतं, भुताला तिसरी हाक मारता येत नाही म्हणून. आमच्या घरात आजही तसंच आहे. घाईत हे तेच विसरले.

इकडे सासरे काठी टाकून पालखीखाली शिरले. चार पावलांत गुडघा मुडपला. खांदा चुलत दिराने घेतला. मान गेला हे सगळ्यांना कळलं.

देवगडचं बटण बंद-चालू करून दुसऱ्या दिवशी हे थेट देवळात आले. मी नारळ घेऊन गेले. गाऱ्हाणं घालायला गावकार नव्हता, म्हणून ह्यांनीच घातलं. "बा देवा म्हाराजा, चूक माझी. बापाचो मान परत दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. साथ द्यायला दुसरं कोण होतं?

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. कचेरीचाच असणार. ह्यांनी हात जोडलेलेच ठेवले. थांबला. परत वाजला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी देवाकडे बघत राहिले.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ह्यांनी ओ दिली.