हरलेल्या संघाचा एक गडी

नियम मीच लिहिले होते, हे आधी सांगून टाकतो. पत्रकवाल्याने स्वतःचा गुन्हा तेवढा लपवला, असं नंतर कोणी म्हणायला नको.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. निजामपुऱ्यात दोन पॉवरलूमच्या शेडच्या मध्ये, एका अरुंद गाळ्यात चाचांचं गेम पार्लर होतं. एक टीव्ही, एक मशीन, दोन पॅड, तीन बाकं. आठवडाभर दोन्ही बाजूंचे लूम असे खडखडत असायचे की टीव्हीचा आवाज चालू आहे की बंद, कळायचं नाही. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशीच कळायचं की या खेळात प्रेक्षकही ओरडतात.

मोठा फुटबॉल, अकरा-अकरा जणांचा, चाचा लावूच द्यायचे नाहीत. तो फार वेळ चालतो आणि बाकावरची पोरं कावतात. त्यामुळे आमच्याकडे चालायचा तो छोटा खेळ. मैदान म्हणजे चारी बाजूंनी भिंत आणि जाळी घातलेला चौक. दोन्हीकडे चार-चार गडी, त्यातला गोलकीपर मशीनच हलवायचं. चेंडू बाहेर जातच नाही, भिंतीवर आपटून पुन्हा पायात येतो. थ्रो नाही, कॉर्नर नाही, ऑफसाइड नाही, रेफ्री नाही. पाडलं तर पाडलं, उठा. चेंडूशी करामती केल्या की खाली एक पट्टी भरत जाते. ती पूर्ण भरली की एक फटका असा मिळतो की कीपर चेंडूसकट जाळीत जातो. घड्याळ नाही. पाच गोल ज्याचे आधी, तो जिंकला. आणि जिंकणाऱ्याने हरलेल्या संघातला एक गडी उचलून आपल्या संघात घ्यायचा.

ही शेवटची गोष्ट आमच्या डोक्यात गेली. पोरांनी चार-चार जणांचे संघ केले, खरेखुरे, आणि हरलेल्या संघाने एक खराखुरा पोरगा द्यायचा असं ठरलं. मग भांडणं. कोणी द्यायचा, कोणी निवडायचा, लाईट गेली तर काय. एकदा बाक मोडलं. चाचा माझ्याकडे आले. मी पत्रकं लिहितो हे गल्लीला माहीत होतं. म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे आणि तुला भांडायची हौस आहे, लिहून दे.

मी लिहिले. लाल स्केचपेनने, आकडे घालून, वर मोठ्या अक्षरांत मथळा देऊन. प्रत्येक गोलानंतर पॅड पुढच्याच्या हातात, म्हणजे सगळ्यांना खेळायला मिळेल. लाईट गेली तर चाचांनी पाटीवर लिहिलेले गोल कायम, कारण लाईट जाण्याआधी विणलेलं कापड विणलेलंच असतं. हे वाचून लूमवाली पोरं खूश झाली. शेवटचा गोल जो करेल तो हरलेल्यांतला गडी निवडेल. आणि नववा नियम: गेलेला गडी परत जिंकून आणेपर्यंत जुन्या संघाबरोबर उठबस करणार नाही. हा नियम मी फितुरीच्या रागाने लिहिला. आमच्या कामगार चळवळीत फितूर या शब्दाइतका दुसरा कुठलाच शब्द आम्ही वापरला नसेल. खाली ओळ मारून लिहिलं, अपील नाही.

आता आमचा संघ. मी वळ गावच्या बाजूचा, शेतं गोदामांना दिलेल्या घरातला. शहरात शिकायला म्हणून राहायचो आणि शिकण्यापेक्षा भिंतींवर कागद जास्त चिकटवायचो. आमचे दोघे कॉलेजातले, एक जण खळ शिजवायचा, दुसरा बादली धरायचा. आणि चौथा माझा मित्र. निजामपुऱ्यातलाच, घरात तीन पिढ्यांपासून कापडाचं काम, आणि तो स्वतः लूमवर, बारा तासांची पाळी. त्याच्याशिवाय आमचं पत्रक म्हणजे रद्दी होतं, हे मी आज लिहू शकतो. मी मराठीत लिहायचो. लूम चालवणाऱ्यांतल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नव्हती, पुष्कळांना काहीच वाचता येत नव्हतं. तो माझा कागद हातात धरायचा आणि बघता बघता त्याची गल्लीतली हिंदी करायचा. माझ्या तीन ओळींच्या वाक्याचे तो चार शब्द करायचा, आणि त्या चार शब्दांना माणसं बिडी विझवून जवळ यायची.

आमची मागणी एकच होती, आणि ती आजही मला रास्त वाटते. शुक्रवारी लूम बंद, पण मालक कामगारांना सकाळी बोलावून मशीन साफ करून घ्यायचे, तेल घालून घ्यायचे, कचरा काढून घ्यायचे. फुकट. दुपार झाली की सोडायचे. आठवड्यातला एक दिवस, तोही अर्धा खाल्लेला. ही बेगार बंद करा, शुक्रवार कामगाराचा आहे, एवढंच आम्ही म्हणत होतो.

एका शुक्रवारी आम्ही पाच-तीनने हरलो. समोरचा संघ सुताला कांजी चढवणाऱ्या सायझिंगवाल्या शेठच्या पुतण्याचा होता. शेवटचा गोल त्यानेच केला आणि कोणाकडे बोट दाखवलं ते सांगायला नको. मित्र उठला, माझ्या डोक्यात टपली मारली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. मी हसलो. आठवड्याचा प्रश्न आहे, असं समजलो.

पुढच्या शुक्रवारी पुतण्याने खेळायलाच नकार दिला. परतीचा सामना किती दिवसांत द्यायचा, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. मी वाद घातला की नियम खेळापुरता आहे, कागद वाचायला तो आमच्याबरोबर येऊ शकतो. पुतण्याने भिंतीवरचा कागद दाखवला. उठबस म्हणजे उठबस, म्हणाला. मित्राकडे पाहिलं तर तो उसाचा रस पीत होता. म्हणाला, लिहिलंय तर लिहिलंय.

त्या संध्याकाळी एका शेडच्या गेटवर मीच पत्रक वाचलं. माझी हिंदी शाळेतली. 'अतः' आणि 'एवं'वाली. एक म्हातारा कामगार शेवटपर्यंत उभा राहिला, आणि मग फार मायेने म्हणाला, "किताब अच्छी है, भैया. जो बोलता है, उसको लाओ."

पण त्याच म्हाताऱ्याने पंधरा दिवसांनी निरोप पाठवला. येत्या शुक्रवारी पाच वाजता त्या शेडचे सगळे गेटवर बसणार होते. पहिल्यांदाच. मालकाला कुणकुण लागली होती आणि दोघांना कामावरून काढण्याची धमकी मिळाली होती. त्या दिवशी बोलायला माणूस नसला तर ते पुन्हा बसणार नाहीत, असा साफ निरोप होता. आणि शेवटी तेच, बोलणाऱ्याला आणा.

मी पुतण्याच्या मागे लागलो. त्याच्या घरी गेलो, त्याच्या काकांच्या सायझिंगच्या दारात उभा राहिलो. ज्यांच्याविरुद्ध लिहायचं त्यांच्याच दारात, हात जोडायचेच काय ते बाकी होते. शेवटी कंटाळून तो तयार झाला. शुक्रवारी तीन वाजता, नमाजनंतर.

आम्ही तिघेच, त्यांच्याकडून पाचातले चौघे. त्यांनी मित्राला पहिल्या पाळीला ठेवलं. मी तळहाताला पावडर लावून बसलो होतो आणि तरी पॅड घसरत होता. पहिला गोल मित्राने घातला, आमच्याकडच्या खळवाल्याला भिंतीवरून चकवून. दुसरा आमचा. मग त्यांचे दोन. माझ्या पाळीला मी पट्टी भरेपर्यंत वाट पाहिली नाही, उगाच मारत सुटलो, आणि चेंडू भिंतीवरून त्यांच्याच पायात. बादलीवाल्याने आम्हाला वाचवलं. एरवी त्याला फारसं कोणी विचारत नाही, पण त्या दिवशी तो शांतपणे करामती करत पट्टी भरायचा आणि मारायचा. चार-चार झाले. साडेचार वाजत आले होते. नववा गोल राहिला, आमच्याकडून पाळी माझी आणि त्यांच्याकडून त्याची.

आणि लाईट गेली.

चाचांनी पाटीवर चार-चार लिहून ठेवलं आणि पंख्याच्या जागी पुठ्ठा हलवू लागले. पोरं बाहेर आली. मित्र बंद शेडच्या पायरीवर बसला होता. मी नववा नियम मोडून त्याच्याशेजारी बसलो.

मी सांगितलं की पाच वाजता माणसं गेटवर येतील. तो म्हणाला, माहीत आहे, त्या शेडमध्ये त्याचा मावसभाऊ आहे. मग मी म्हणालो, "हरशील का?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणी दुसराच आहे.

"तू सांगतोयस, लीडर? नियम कोणी लिहिले?"

"जाऊ दे नियम. तुझ्याशिवाय न्हाय होनार."

"झाले ना तीन शुक्रवार माझ्याशिवाय."

"काय झाले? हसतात मला."

"मला तीन शुक्रवार झोप मिळाली," तो म्हणाला. "सहा दिवस बारा-बारा तास लूम. कानात घरीसुद्धा खडखड. शुक्रवारी सकाळी तेलपाणी. मग तू येणार कागद घेऊन, चल, ओरड. एकदा तरी विचारलंस, येतोस का म्हणून? हे लोक विचारतात, यार. रस पिणार का, बसणार का. आणि तुझ्या कागदात काय लिहितोस तू, शुक्रवार कोणाचा?"

मी काय उत्तर दिलं ते आठवतं, आणि लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, चळवळीत आराम नसतो. हे वाक्य मी कुठल्याशा पत्रकात आधी वापरलं होतं.

तो हसला नाही. "हरणार नाही मी," म्हणाला. "खेळ नीट. जिंकलास तर येईन."

लाईट पावणेपाचला आली. चाचांनी मशीन लावलं, पाटीवरचे गोल धरून, आता जो घालेल तो जिंकेल. मित्र खरंच नीट खेळला. त्याचा एक फटका खांबाला लागून परत आला. त्याची पट्टी जवळजवळ भरली होती. मी चेंडू हिसकावला, पुढे ढकलला, तो भिंतीवर लागला, तिथून माझ्याच गड्याच्या पायावर, आणि मी काही न बघता बटण दाबलं. चेंडू कीपरच्या बगलेखालून गेला. त्यात माझं काही कसब नव्हतं. भिंत चांगल्या जागी होती, इतकंच.

बादलीवाला मला मिठी मारत होता. चाचांनी रीतीप्रमाणे विचारलं, कोण. पुतण्या म्हणाला, "घे बाबा, तुझा भोंगा घेऊन जा."

मला दुसरं कोणाचंही नाव घेता आलं असतं. पलीकडच्या बाकावर पाच पोरं होती, आणि त्यातल्या एकाने नुकतंच मला सांगितलं होतं की तो दमला आहे. मी त्याच्याकडे बोट केलं.

तो उठला. रस्त्याने हात पुढे करून कागद मागितला आणि चालता चालता वाचला. गेटवर माणसं बसलेली होती, समोर मालकाची दोन माणसं खुर्च्या टाकून. आणि तो काय बोलला त्या दिवशी. माझं अर्धं पत्रक त्याने टाकूनच दिलं. घरी पोरगं विचारतं अब्बू शुक्रवारी कुठे जातो, तेलाचा वास धुवायला साबण आपलाच, असलं काही काही बोलत गेला. ते सगळं त्याचं स्वतःचं होतं, मला तो कधी बोलला नव्हता. खुर्च्यांवरची माणसं उठून गेली. मागणीच्या कागदासाठी म्हाताऱ्याने पहिलं, स्वतःचं नाव सांगितलं, मग एकेक जण नाव द्यायला पुढे आला. मी लिहून घेत होतो.

परतताना तो म्हणाला, पुढच्या शुक्रवारी झोपणार.

पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या शेडचं बोलावणं आलं. मी त्याच्या घरी गेलो. त्याची अम्मी दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, झोपलाय, आत्ताच डोळा लागलाय, उठवू का? आत पंख्याचा आवाज येत होता. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता, शाई अजून ओली, वरच्या ओळीत शुक्रवार कामगाराचा आहे.

"उठवा," मी म्हणालो.

तो आला, तोंड धुऊन. वाचलं. त्यानंतर एकदाही नाही. त्या पहिल्या शेडमध्ये शुक्रवारची सफाई पुढे बंद झाली. ती गुरुवारी पाळीतच करून घेतात, आणि त्या विजयाचं पत्रक मी अगदी झोकात लिहिलं. ते घेऊन त्याच्या दारात गेलो तेव्हा अम्मी म्हणाली, घरात नाही, बाहेर गेलाय. त्याच्या चपला उंबऱ्याजवळ होत्या. मी पत्रक तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, यात काय लिहिलंय, आणि मला ते तिला तिच्या भाषेत सांगता येईना.