बोटानं आवळलेली सुई

एकतीस वर्षं शिवणकामाच्या कारखान्यात काढलेल्या बाईला मशीनची सुई बदलता येत नाही, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण कॉलरवालीचं तसंच होतं. कारखान्यात तिनं उभा जन्म शर्टांच्या कॉलरी शिवल्या, म्हणून तिला हे नाव. तिथला नियम असा, की सुई तुटली तर तिचे तुकडे गोळा करायचे, हात वर करायचा आणि गप्प बसून राहायचं. मेकॅनिक यायचा, सुई बदलायचा आणि जायचा. कॉलरवालीच्या सुया इतरांपेक्षा जरा जास्तच तुटायच्या. का, ते सगळ्या खात्याला ठाऊक होतं. त्याच मेकॅनिकशी तिचं लग्न झालं आणि सुया तुटायच्या थांबल्या.

आता दोघंही निवृत्त झाली होती. आज संध्याकाळी पाचला त्यांची नात पहिल्यांदाच आजोळी यायची होती आणि तिच्यासाठी शिवायला घेतलेली गोधडी काही केल्या पुढे सरकत नव्हती. ओळ वीतभर छान जायची. मग टाके सुटायचे, एक इथे तर पुढचा पार चार बोटांवर. मग 'टक' असा आवाज यायचा आणि धागा तुटायचा. कॉलरवाली उसवायची, पुन्हा ओवायची, सुई आपल्या परीनं पुन्हा बसवायची. तेवढ्यात खालचं अस्तर सरकून चुण्या पडलेल्या असायच्या. एकदा तर खालच्या धाग्याची बॉबिन संपली तेही कळलं नाही, हातभर नुसती भोकं पाडत गेली. चार वेळा ती उठून खिडकीशी गेली, दोनदा तहान नसताना पाणी प्यायली आणि परत येऊन बसली.

आतल्या खोलीत मेकॅनिक पडून होता. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात कामातून गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं एकदा सहज म्हटलं होतं, "अहो, एवढी सुई ओवून देता?" अर्धा तास तो डाव्या हातानं झटला, मग भिंतीकडे तोंड करून झोपला आणि दोन दिवस बोलला नाही. तेव्हापासून तिनं मनाशी ठरवून टाकलं, या माणसाला मशीनचं काही म्हणून विचारायचं नाही. गोधडी बिघडली तर बिघडली, त्याचं मन पुन्हा मोडायला नको.

बाराच्या सुमारास पुन्हा 'टक' झालं. तिनं मशीनवर थाप मारली. "मेल्या, काय घोडं मारलंय मी तुझं?"

"त्याला शिव्या देऊ नकोस," आतून आवाज आला. शब्द जड होते, ओढत येत होते. "सुई खाली सरकतेय."

"तुम्ही पडा हो स्वस्थ."

"सकाळपासून ऐकतोय. सुईचा स्क्रू बोटानं आवळलायस ना? एवढ्या जाडीला नाही पुरत ते. वीतभर गेलं की सुई ढिली होते."

तिला असा राग आला! "मग सकाळीच सांगायचं नाही होय?"

"तू विचारलंस कुठे? वर्ष झालं, काहीच विचारत नाहीस."

भिंत धरत धरत तो बाहेर आला आणि तिच्या शेजारी स्टुलावर बसला. चेहऱ्यावर तरतरी होती. "लहान स्क्रू-ड्रायव्हर आण. खाटेखालच्या माझ्या हत्यारांच्या पेटीत बघ, वरच्याच कप्प्यात असेल."

पेटी घरात नव्हतीच. दोन महिन्यांपूर्वी तो दवाखान्यात व्यायामाला गेला असताना तिनं ती कारखान्यातल्या नव्या मेकॅनिकला देऊन टाकली होती. पेटी दिसली की याला त्रास होईल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. खरं तर याला वाकताच येत नव्हतं, पेटी दिसायची ती झाडताना तिलाच.

"अहो, पेटी... दिली मी. तुमच्या जागेवर जो आलाय ना, त्याला."

त्यानं डाव्या हातानं सुईचा ढिला स्क्रू चाचपला.

"मी मेल्यावर द्यायची होतीस," तो म्हणाला.

मग त्यानंच बारीक टोकाची सुरी आणायला सांगितली. तिनं सुई वर दाबून धरली आणि सुरीचं टोक स्क्रूच्या खाचेत घातलं. त्यानं डावा हात तिच्या मनगटावर ठेवला. "अजून. अजून थोडं. बस."

ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, एकही टाका सुटला नाही. अजून नऊ ओळी बाकी होत्या आणि वेळही होता. दुसरी ओळ तिनं अर्धी शिवली, पण पेटी काही डोक्यातून जाईना. ती उठली.

"आता काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. तुम्ही इथेच बसा. आलेच मी."

गोधडी सुईखाली तशीच टाकून तिनं चपला अडकवल्या आणि ती कारखान्याच्या रस्त्याला लागली. स्वतःच्या हातानं दिलेली पेटी परत मागायची म्हणजे जिवावर आलं होतं, तरी ती मागणार होती. आमच्या मेकॅनिकला कामासाठी हवी आहे, असं सांगणार होती.