साळवेंची तेरा पानं

साळवे गेल्याचा फोन आला तेव्हा मी कपिलधारला होतो. दर्शन घेऊन पायऱ्या उतरत होतो, तर बापूरावचा आवाज. "अप्पा, आपले साबणराव गेले..." एवढंच बोलला. गावी, तलवाड्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. वीस वर्षं ज्याच्यासमोर बसून पत्ते खेळलो, त्या माणसाला खांदा द्यायलाही मी नव्हतो. साळवे आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचे. पण गावात त्यांची ओळख एकच, पत्ते धुणारा माणूस. ती ओळख त्यांना कुणामुळे चिकटली हे इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

माझं बी-बियाण्यांचं दुकान. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत आम्ही मेंढीकोट खेळायचो. मी, चकलांब्याहून मोटारसायकलवर येणारा बापूराव आणि शाळेतले एक मास्तर. आमचा चौथा भिडू बदली होऊन गेला, तेव्हा मास्तरांनी साळवेंना आणलं. काय खेळायचा माणूस! चार दश्श्या पकडायचा हा खेळ, आणि कुठली दश्शी कुणाकडे दडलीय हे त्यांना दुसऱ्याच हाताला कळायचं. त्या पहिल्या रविवारी दोन डाव झाले, तिसरा वाटून झाला आणि त्यांना दवाखान्यातून बोलावणं आलं. आपली तेरा पानं पालथी ठेवून ते निघाले. चौथा नाही म्हटल्यावर बाकीचे दोघेही उठले. आणि मी... लिहायला हात जड होतोय, पण लिहितो. साळवे बौद्ध, आम्ही लिंगायत. मी फडकं ओलं केलं आणि ती तेरा पानं एकेक करून पुसायला लागलो. बाकीची एकोणचाळीस तशीच ठेवली. आधीच्या दोन डावांत सगळीच पानं त्यांच्या हातून फिरली होती, पण विटाळ पाळणाऱ्याला एवढी अक्कल कुठली? घरात लहानपणापासून जे पाहिलं ते हात आपोआप करत होता, असं मी पुढे स्वतःला समजावत आलो. पण हात माझाच होता.

साळवे चष्मा विसरले होते. तो घ्यायला आले आणि दारात थबकले.

"ओली कावून करता, अप्पा? कागदाची हाईत, फुगतील."

"भज्याचं तेल लागलंय," मी म्हणालो. तेल नेमकं तेराच पानांना कसं लागलं, हे त्यांनी विचारलं नाही. चष्मा उचलून गेले.

आता हा माणूस परत येत नाही, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, सुटलो असंही वाटलं. पुढच्या रविवारी साळवे सगळ्यांच्या आधी हजर. पिशवीत प्लास्टिकच्या पत्त्यांचा नवा कॅट, साबणाची डबी, पंचा आणि पावडरचा डबा. "धुवायचंच हाय तर समद्यांचं धुऊ," असं माझ्याकडे बघत म्हणाले आणि आम्हा तिघांना मोरीकडे पिटाळलं. तेव्हापासून त्यांचा कायदा लागू झाला. हात धुतल्याशिवाय पत्त्याला शिवायचं नाही. वाटताना अंगठ्याला थुंकी लावायची नाही, त्यासाठी बशीत ओला स्पंज. भजी आली की पानं पालथी, खाऊन झालं की पुन्हा मोरी. खेळ संपला की बावन्नच्या बावन्न पानं ते साबणाच्या पाण्यातून काढायचे, पंचावर पसरून वाळवायचे, चिमूटभर पावडर लावून पिसायचे आणि मगच कॅट पिशवीत टाकून घरी जायचे.

बापूरावने त्यांचं नाव साबणराव ठेवलं आणि ते गावभर झालं. "दवाखान्यातला माणूस, त्याला जिकडं तिकडं जंतूच दिसतेत," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि सगळ्यात मोठ्याने हसायचो मी. कोरोनात अख्खं गाव हात धुवायला लागलं. ते सरल्यावर आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा बापूराव म्हणाला, "साबणराव, तुमी तर आधीच वळखलं होतं की!" साळवेंनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय, लई आधी," म्हणाले आणि पत्ते पिसायला घेतले. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. एक शब्द पुरला असता... मी स्पंजावर पाणी शिंपडत बसलो.

ते गेल्यावर आठवड्याने त्यांच्या घरी गेलो. वीस वर्षांत पहिल्यांदा, तेही ते नसताना. त्यांची मुलगी सविता गेवराईला शिक्षिका आहे. तिने चहा दिला आणि म्हणाली, "काका, बाबा नेहमी तुमचंच सांगायचे. अप्पांच्या दुकानात लई स्वच्छता, हात धुतल्याबिगर कुणाला पत्त्याला शिवू देत न्हाईत, म्हणायचे." घरी त्यांनी तो कायदा माझ्या नावावर सांगितला होता. माझी अब्रू राखली की मला शिक्षा केली, मला अजून कळलेलं नाही. निघताना तिने तो प्लास्टिकचा कॅट माझ्या हातात दिला. म्हणाली, "धुऊन ठेवलाय."

परवाच्या रविवारी बसलो. साळवेंच्या जागी मास्तरांचे जावई होते. "सुटलो बे साबणातून," म्हणत बापूरावने वाटायला कॅट उचलला आणि अंगठा जिभेला लावला.

"आधी हात धू," मी म्हणालो.

"आता कावून बे?"

मग सांगितलं. फडकं, तेरा पानं, दारातले साळवे, भज्याच्या तेलाची थाप, सगळं. मास्तर खाली बघत राहिले. बापूराव पत्ते हातात खेळवत राहिला. मग म्हणाला, "त्यात काय येवढं, अप्पा? तवा समदेच करत होते." आणि तसाच वाटायला लागला. मी पुढे होऊन पत्ते त्याच्या हातातून काढून घेतले. त्या दिवशी खेळ झाला नाही. सगळे गेल्यावर मी बावन्न पानं साबणाच्या पाण्यातून काढली आणि पंचावर वाळत घातली.

तो जुना कागदी कॅट अजून गल्ल्याखालच्या खणात आहे. साळवे म्हणाले होते तशी ती तेरा पानं फुगली, पाठीवरून ओळखू यायला लागली, आणि कॅट खेळायच्या कामाचा राहिला नाही. टाकून द्यायचं धाडस मात्र मला झालं नाही. त्या दिवशी तो बाहेर काढला. डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला. तेरा ठिकाणी अडला.