छताचा टीव्ही आणि मीनाक्षीबाईंची दाढ

रामलिंगराव झोपाळे टांगायचे. झोपाळा टांगणं हा काय धंदा झाला, असं कोणी म्हणेल. पण कुंभकोणात आपल्या मराठी घरांत काय आणि तमिळ घरांत काय, लग्नात ऊंजल, म्हणजे झोपाळा, नसेल तर लग्न लागल्यासारखं वाटतच नाही. नवरानवरी झोपाळ्यावर बसतात, बायका गाणी म्हणत भोवती फिरतात, रंगीत भाताचे गोळे ओवाळून टाकतात, आणि सगळ्यांचे डोळे नवरीच्या दागिन्यांवर. वरच्या कड्यांकडे बघणारा मांडवात एकच माणूस असतो, ज्याने झोपाळा टांगला तो.

त्यांच्या घरची एक रीत होती, वडिलांपासून चालत आलेली. झोपाळा टांगून झाला की नवरानवरीच्या आधी टांगणाऱ्याची बायको त्यावर बसायची. ओटीत नारळ घेऊन बसायची, पाय उचलायची आणि चांगले झोके घ्यायची. आधी सासूबाई बसल्या, मग मीनाक्षीबाई बसू लागल्या. मीनाक्षीबाई अंगाने भरलेल्या. त्या म्हणायच्या, "जो झोपाळा मजला पेलतो तो कोणालाही पेलतो. आमच्या मामंजींनी सून बघताना पत्रिका कुठे बघितली, वजनच बघितलं."

साक्कोट्टैच्या एका लग्नात ही रीत चुकली. ऐन त्याच दिवशी मीनाक्षीबाईंना कावळा शिवला. चार दिवस घरात बाजूला बसायचं, तिथे लग्नाच्या मांडवात कुठून जाणार? मुहूर्ताची घाई होती. एक दिवस रीत मोडली तर काय होतंय, असं रामलिंगराव म्हणाले. खरं तर वरचा एक आकडा आतून झिजला होता. मीनाक्षीबाई बसल्या असत्या तर तो तेव्हाच उकलला असता, त्या पडल्या असत्या, चार माणसं हसली असती आणि आकडा बदलला असता. तो उकलला नवरी बसल्यावर. नवरी खरचटण्यावर सुटली. झोपाळ्यावर शेजारी कौतुकाने बसलेली तिची आजी मात्र कंबरेवर पडली, ती पुन्हा चालली नाही.

रामलिंगरावांना कोणी शिव्या दिल्या नाहीत. आमच्या गावात तोंडावर कोणी बोलत नाही. नुसतं बोलावणं बंद होतं. ते एका भांडीवाल्याकडे पितळी समया घासायला जाऊ लागले. जाता-येता कुठे झोपाळा दिसला की मान खाली. घरचा झोपाळासुद्धा त्यांनी काढून माळ्यावर टाकला. मीनाक्षीबाई म्हणाल्या, "बसायला पाट तरी ठेवा, का तोही पडेल?" त्यावर ते हसले नाहीत. तेव्हापासून त्यांनी बायकोला आपण टांगलेल्या कशावर बसू दिलं नाही. कारण त्यांनी काही टांगलंच नाही.

अशी काही वर्षं गेली आणि गावात केबल आली.

दातांचे डॉक्टर बाळकृष्णराव आपल्यातलेच. घराच्या पुढच्या दालनात त्यांचा दवाखाना. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं की तिकडे दाताच्या खुर्चीवर आडवं झालं की छतात टीव्ही दिसतो, माणूस त्यात गुंगतो आणि दात कधी निघाला ते त्याला कळत नाही. डॉक्टरांना ते फार पटलं. कारण त्यांच्याकडे माणसं खुर्चीतून उठून पळायची. एकजण तर तोंडातला कापूस घेऊन बाजारापर्यंत गेला होता. त्या दालनात पूर्वी डॉक्टरांच्या आजीचा झोपाळा होता, आणि सागाच्या तुळईतल्या चार कड्या अजून तशाच होत्या.

डॉक्टर स्वतः रामलिंगरावांच्या घरी आले. म्हणाले, "कड्या तुमच्या वडिलांनी बसवलेल्या. दुसऱ्या कोणाला मी त्यांना हात लावू देणार नाही."

रामलिंगराव म्हणाले, "साक्कोट्टैचं तुमच्या कानावर असेलच."

"आहे. म्हणून तर तुम्ही जपून टांगाल."

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. रामलिंगरावांनी तर ते ताक गाळून, निववून, पुन्हा फुंकलं. गच्चीवर जाऊन चारी कड्यांची वरची टोकं उकरून बघितली. लोहाराकडून पट्ट्यांची चौकट करून घेतली, टीव्हीचं तोंड खाली कलतं राहील अशी. नव्या साखळ्या, नवे आकडे. झोपाळा हलण्यासाठी टांगतात, हा हलता कामा नये, म्हणून चौकटीपासून तुळईपर्यंत आडव्या पट्ट्या मारल्या. आधी भाताचं पोतं टांगून ठेवलं, मग दोन पोती. तुळई हूं की चूं करीना. शेवटी टीव्ही चढला. खाली खुर्ची, वर टीव्ही, आणि मध्ये उभं राहून रामलिंगराव त्या चार आकड्यांकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, "झालं, या आता." तरी ते तिथेच.

सकाळी रोगी आले. दवाखान्यातली मदतनीस गोमती तोंडाने तिखट, पण मनाने वाईट नव्हे. ती एकेकाला आत आणायची. माणूस खुर्चीत बसायचा, मागे रेलायचा, वर बघायचा आणि विचारायचा, "हे कोणी टांगलं?"

खोटं बोलायची गोमतीला सवय नव्हती. ती नाव सांगायची. माणूस हळूच उठायचा. दात जरा बरा वाटतोय, अमावास्या झाल्यावर येतो, असं म्हणायचा आणि जायचा. चोळपुरम्‌हून आलेला एक शेतकरी तर म्हणाला, दुखणारा दात एक आहे, बाकीचे मला हवेत.

दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी डॉक्टरांनी रामलिंगरावांना बोलावलं. मान खाली घालून म्हणाले, "माझा विश्वास आहे हो. पण रोग्यांचा नाही, तर मी काय करू? उद्या काढून ठेवा."

रामलिंगराव घरी येऊन जेवायला बसले. मीनाक्षीबाईंनी ताटात चिंचेच्या आमटीचा अंबट-भात वाढला, तो त्यांनी चिवडला. काढून ठेवायचा म्हणजे गावाला जे वाटतं तेच आपल्यालाही वाटतं, असं सांगण्यासारखं. यापुढे कोणी समई घासायला बोलावलं तर बोलावलं, झोपाळ्याला नाही. आणि खरं विचाराल तर भीती त्यांनाही होतीच. पोती निराळी आणि माणसाचं तोंड निराळं.

मीनाक्षीबाईंनी डाव्या गालाला हात लावला. "मजला दाढ दुखते आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. लवंग धरून काढले. उद्या जाते डॉक्टरकडे."

रामलिंगरावांनी मान वर केली. "उद्या नको. उद्या टीव्ही काढायचा आहे. काढला की जा."

"काढायच्या आधी जाते. आपली रीत आहे ना, आधी मी बसायचं. या वेळी मी कुठे बाजूला बसले आहे?"

"तो झोपाळा नाही, मीनाक्षी. झोपाळ्यावरून पडलीस तर खाली पडशील. हा वरून पडेल."

"तेवढं मजलाही समजतं. मग सांगा, पडेल का?"

रामलिंगराव ताटातला भात पुन्हा चिवडू लागले. त्या पाणी पिऊन उठल्या आणि भांडी गोळा करायला लागल्या.

सकाळी मीनाक्षीबाई पुढे आणि रामलिंगराव मागे. वाटभर ते म्हणत होते, अजून विचार कर. त्या म्हणत होत्या, दाढ विचार करू देत नाही. दवाखान्याच्या ओसरीवर चार-पाच माणसं गाल धरून बसली होती. सगळ्यांनी मीनाक्षीबाईंना ओळखलं. सरकून वाट दिली.

गोमती म्हणाली, "मामी, तुम्ही? मामांनी येऊ दिलं?"

"ते कोण येऊ न देणारे? दाढ माझी आहे."

त्या खुर्चीत बसल्या. खुर्ची त्यांना अंमळ अरुंदच पडली. डॉक्टर म्हणाले, "मामी, नक्की ना?"

"तुमच्या मुंजीत मी पंगतीला भात वाढला आहे. माझ्यापुढे घाबरू नका. लावा तो टीव्ही."

गोमतीने टीव्ही लावला. कोणी एक बाई आंब्याचं लोणचं करून दाखवत होती. डॉक्टरांनी हिरडीत सुई दिली, बधिर होईपर्यंत थांबले, मग पक्कड घेतली. ओसरीवरची माणसं दाराशी येऊन उभी राहिली होती. रामलिंगराव भिंतीला टेकून आकड्यांकडे बघत होते. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पुन्हा पहिला. बायकोच्या तोंडाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

डॉक्टरांनी पायाने खुर्ची थोडी खाली केली.

कर्र् असा आवाज झाला.

दारातली माणसं मागे सरली. रामलिंगराव कसे धावले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. हात वर करून त्यांनी टीव्ही खालून दोन्ही तळव्यांवर धरला. खुर्चीच्या कडेला पोट टेकलेलं, टाचा उचललेल्या.

डॉक्टरांनी पक्कड थांबवली. "रामलिंगराव, ती माझी खुर्ची वाजली. रोजच वाजते."

"तुम्ही दाढ काढा. मी धरतो."

"अहो, तुम्ही असे वाकलात तर मला उजेड नाही. सोडा."

"सोडवत नाही."

"गोमती, सांग यांना."

गोमती म्हणाली, "मामा, खुर्चीच ती. मी रोज ऐकते." तिचाही आवाज नेहमीसारखा तिखट नव्हता.

रामलिंगरावांना सगळं ऐकू येत होतं आणि हातांना ते पटत नव्हतं. तळव्यावर ऊब लागत होती, वजन लागत नव्हतं. वजन आकड्यांवरच होतं. हेही त्यांना कळत होतं. पण साक्कोट्टैलाही सगळं कळल्यासारखंच वाटलं होतं. हात काढले आणि खाली आला तर? खाली मीनाक्षी आहे. तोंड उघडं ठेवून पडली आहे, तिला हलताही येत नाही. असे किती वेळ धरणार? दाढ निघेपर्यंत. मग पुढच्या रोग्याला? मग त्याच्या पुढच्याला? कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला, पुसायला हात नव्हता.

मीनाक्षीबाईंना बोलता येत नव्हतं. डॉक्टरांचं बोट आणि कापूस तोंडात. त्यांनी पदराखालून हात काढला आणि नवऱ्याच्या पोटावर बोटांनी टोचलं. रामलिंगरावांना वाटलं, दुखतंय. त्यांनी आता पहिल्यांदा खाली बघितलं. मीनाक्षीबाईंच्या डोळ्यांत दुखणं नव्हतं, भीती तर नव्हतीच. राग होता. घरी ते चुलीसमोर वाटेत उभे राहिले की येतो तसला. त्यांनी हात आडवा हलवला, सरका. आणि त्यांच्या अंगावरून वर टीव्हीकडे बोट दाखवलं. लोणचंवाली फोडणी करत होती आणि रामलिंगरावांच्या दोन्ही हातांनी कढई झाकली होती.

रामलिंगराव तसेच थांबले. मीनाक्षीबाईंनी पुन्हा हात हलवला, या वेळी जरा जोरात.

त्यांनी आधी डावा हात काढला. मग उजवा, एकेक बोट करून. एक पाऊल मागे झाले, मग आणखी एक. वर टीव्ही होता तिथेच होता. बाई त्यात मोहरी तडतडवत होती. डॉक्टर पुन्हा वाकले.

दाढ निघाली तेव्हा मीनाक्षीबाईंनी मोठा हुंकार दिला, तेवढाच. उठून त्यांनी चूळ भरली, कापूस दाबला आणि अर्ध्या सुन्न तोंडाने म्हणाल्या, "हिंग मोहरीच्या आधी घालते का नंतर, तेच बघायचं राहिलं. तुमच्यापायी."

"घरी गेल्यावर कॉफी नको," डॉक्टर म्हणाले. "आज गारच घ्या."

गोमती ओसरीवर गेली. "पुढचं कोण?" तिने विचारलं. एक म्हातारे गृहस्थ उठले. आत आले, खुर्चीजवळ उभे राहिले, वर बघितलं, मग मीनाक्षीबाईंच्या धडधाकट देहाकडे बघितलं. मान हलवली आणि पाय वर घेऊन आडवे झाले. गोमतीला म्हणाले, "बातम्या लाव."

रामलिंगराव दारात पायाने चप्पल शोधत होते. नजर अजून वरच्या आकड्यांवर, म्हणून अंगठा घालता येईना. मीनाक्षीबाईंनी खाली वाकून चप्पल सरळ करून दिली.