कडबाई आणि कोरी पानं

आमच्या मुलुंडच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई परत आलेलं पुस्तक उघडून बघत नसत. मिटलेलं पुस्तक डोळ्यांसमोर आडवं धरत, एक डोळा बारीक करत आणि पानं उलटताना जिथे बोटं लागतात ती कड न्याहाळत. कड मळलेली तिथपर्यंत लोकांनी वाचलेलं. पांढरी लागली की पुढे कोणी फिरकलेलं नाही. नाव त्यांचं सावंतबाई, पण आम्ही म्हणायचो कडबाई. नव्या सभासदांना वाटायचं, ‘कडकबाई’तला एक ‘क’ गळलाय. तेही अगदीच चूक नव्हतं.

नावाजलेल्या कादंबऱ्यांवर त्यांचा खास डोळा. रहस्यकथा आणि पाककृतींची पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत काळीकुट्ट. पुरस्कारवाल्यांची कड मात्र पन्नासाव्या पानानंतर धुतल्यासारखी. “परीक्षकांची प्रत एकदा बघूक व्हयी,” बाई म्हणत.

एका वर्षी अशाच एका कादंबरीने धुमाकूळ घातला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्यातली वाक्यं गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत यायची. मीही ती नेली, तीन आठवडे उशाशी ठेवली आणि परत करताना, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “बाई, अप्रतिम! माणूस हादरतो!”

“हो ना,” बाई हळव्या होऊन म्हणाल्या. “ती विहीर बुजवतात तेव्हा तर...”

“अहो, मला रडू आवरेना!”

“विहीर नाहीच हो त्यात.” आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बायकोकडे वळून, “वहिनी, यांका चाय द्या. हादरलेत.”

पुढे इमारत पुनर्विकासाला गेली. वाचनालयाला तात्पुरती खोली मिळाली ती निम्मी. निम्मी पुस्तकं रद्दीत जाणार हे ठरलं. कोणती? कार्यवाह म्हणाले, “बाईंची कसोटी आहेच की! कड पांढरी, ते बाहेर.” थट्टेचा असा कायदा झाला. ती गाजलेली कादंबरी आता रद्दीतून वाचत नाही, हे मला दिसत होतं. खरं सांगतो, गुदगुल्या होत होत्या. विहिरीचा सूड!

छाननीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. कार्यवाहांनी ती कादंबरी आडवी धरली, बाईंसारखाच एक डोळा बारीक केला. “राहू दे ही. शेवटपर्यंत वाचलीय लोकांनी.”

मी झडप घातली. खरंच, कड या टोकापासून त्या टोकापर्यंत करडी. पण बोटांचा मळ कसा, मधे दाट, बाजूला विरळ असतो. हा सगळीकडे सारखा, पावडर थापल्यासारखा. मी नाक लावलं. उदबत्ती! काउंटरवरच्या सरस्वतीपुढची राख!

बाई पावत्या लावत होत्या. जरा जास्तच मन लावून. कार्यवाह चहाला गेले तसा मी वाकलो. “बाई, हा मळ ताजा आहे.”

“हळू बोला.”

“तुम्हीच म्हणायचात ना, सगळा देखावा असतो?”

“वाचणाऱ्यांचा. पुस्तकाचा कधी म्हटलं? मी दोनदा वाचलंय हे. शेवटी त्या दोघी बहिणी एका बंद दाराच्या दोन बाजूंना बसून राहतात... दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाय.”

“मग कडेवर तुमची बोटं कुठायत?”

“मी हात धुऊन वाचते.”

इतक्या वर्षांच्या कसोटीचे एका वाक्यात बारा वाजवून बाईंनी रद्दीच्या ढिगाकडे बोट केलं. “आणि सगळ्यांना नाय राख लावली. ती बघा, पुरस्कारवाली. फुगवलेली नुसती. जाऊ देत.”

नव्या खोलीत पुस्तकं लागली आणि बाई निवृत्त होऊन मालवणला गेल्या. मग मी ती कादंबरी पुन्हा घरी नेली. संशयानेच उघडली. बंद दारापाशी पोचलो तेव्हा समोरचे पोहे गार झाले होते आणि बायको काहीतरी विचारत होती, ते मला ऐकूच आलं नाही.

बाईंना व्हिडिओ कॉल लावला. “बाई, वाचली! पूर्ण!”

“कड दाखवा.”

मी पुस्तक आडवं धरलं. राखेवर शेवटच्या पानापर्यंत माझी हळदीची बोटं. बाई इतक्या जवळ आल्या की पडद्यावर नुसता चष्मा उरला.

“खरा सांगा,” मग म्हणाल्या, “हळद मुद्दाम नाय ना लावलात?”