बळजबरी नव्हती

इस्पितळाच्या धुलाईघरात पंधरा वर्षं चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे इस्त्रीताई म्हणत. त्यातली पहिली अकरा वर्षं हेच लोक तिला भाऊ म्हणत होते. हाक बदलली, चादरी त्याच राहिल्या. दिवसाला तीनशे, वाफ तोंडावर घेत. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीची किल्ली मात्र मिळेना. "बाई असल्याचा कागद आण, किल्ली घे," मुकादम म्हणे. चार वर्षं ती मळक्या चादरींच्या ढिगाआड कपडे बदलत आली.

शेवटी ताईसारख्या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेतल्या मुलीने त्या कागदासाठी अर्ज लिहून आणला. सरकारी कचेरीच्या बाकावर ताईने चष्मा लावला. शेजारी तिची कॉलेजातली लेक होती.

'लहानपणापासून मी स्वतःला मुलगीच समजत होते. घरच्यांनी बळजबरीने माझे लग्न लावले.'

"हे कुणाचं गं?" ताईने विचारलं.

"तुमचंच की, ताई."

"हिच्या आईच्या वडिलांनी तीनदा नकार दिला, तरी मी त्यांचा उंबरठा झिजवत राहिले. बळजबरी झाली असेल तर त्या म्हाताऱ्यावर!"

लेक फिसकन हसली.

संस्थेतली मुलगी हसली नाही. "साहेबांना सरळ गोष्ट लागते. नाहीतर म्हणतात, उतारवयात डोकं फिरलं."

"मुकादमही तेच म्हणतो."

"म्हणूनच तर!"

साहेबांना ताई जन्मापासून बाई हवी होती, मुकादमाला जन्मभर पुरुष. खरं तर चाळिशीपर्यंत असलं काही तिच्या मनातही आलं नव्हतं. मग भिंतीत ओल चढावी तसं हळूहळू कळत गेलं. बायको वेगळी राहू लागली. पण त्याआधीचा संसार? तापाने फणफणलेल्या लेकीला खांद्यावर टाकून रात्रभर फेऱ्या मारणारा बाप काय सोंग करत होता?

"कर ना सही, बाबा," लेक म्हणाली. "कागदच तर आहे." म्हणताना ती खिडकीकडे बघत होती.

ताईने दोन्ही ओळी खोडल्या. वर लिहिलं, 'हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळले. लग्न मी हौसेने केले होते.' मग सही केली.

कारकुनाने वाचून कपाळाला हात लावला. "हे चौकशीला जाणार, बाई. वर्ष धरून चाला."

"धरते."

जिन्यात लेक उसळली. "अजून एक वर्ष त्या घाणीत कपडे बदलणार तू? दोन ओळींसाठी?"

ताई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. दोन पायऱ्या पुढे गेलेली लेक थांबली, वर आली, आणि फुगलेल्या तोंडानेच बाबाचा दंड धरून उतरू लागली.